कंपन्यांवर भरवसा ठेवायचा का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी रिपोर्ट तपासायचं काम करते, म्हणजे पर्यावरणासाठी आम्ही काय केलं ते सांगणारे हिरव्या कव्हरचे जाडजूड रिपोर्ट ज्यात अर्धी पानं फोटोंनीच भरलेली असतात, ते. त्यामुळे कुठेही ओळख झाली की पुढचा प्रश्न ठरलेला, "खरंच काही करतात का हो या कंपन्या, की सगळा देखावाच?" आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, माझा नुसता होकार हवा असतो.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. देखावा असतोच, खरं कामही असतं. पण कंपनी किती झाडं लावते यावरून मला काहीच कळत नाही, ती सरकारकडे जाऊन काय मागते ते बघितलं की बरंच कळतं. नियम लवकर आणा म्हणते, का पुढे ढकला म्हणते.

ओझोनचं, म्हणजे सूर्याचे घातक किरण अडवणाऱ्या वरच्या थराचं, उदाहरण घ्या, कारण तिथे अथपासून इतिपर्यंत सगळं दिसतं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवलं की फ्रिज, एसी, स्प्रेच्या डब्यांत वापरला जाणारा सीएफसी नावाचा वायू वर जाऊन फुटतो, त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन खात सुटतो. सीएफसी बनवणारी सगळ्यात मोठी कंपनी ड्यूपाँ. तिचं म्हणणं, पक्का पुरावा दाखवा, आम्ही बंद करू. ऐकायला किती समंजस वाटतं, पण पुरावा 'पक्का' कधी झाला हे ठरवणार कोण तर तेच! १९७८ मध्ये अमेरिकेने स्प्रेमधल्या सीएफसीवर बंदी घातली, तेव्हा पर्यायी रसायनांचं संशोधन चालू होतं, आणि मग ८० नंतर तिथलं सरकार बदललं, आता आणखी कडक नियम काही येत नाहीत असं दिसायला लागलं आणि कंपनीने ते संशोधन जवळजवळ गुंडाळूनच ठेवलं.

इथे लोक चिडतात. मला राग येत नाही, कारण हिशोब सरळ आहे, पर्यायी रसायन महाग पडणार, सीएफसी स्वस्तात मिळतोय आणि त्यावर बंदी नाही, मग ते महागाचं घेणार कोण? शहाणपण होतं, प्रयोगशाळा होती, गिऱ्हाईक नव्हतं. आणि ते गिऱ्हाईक तयार करणं फक्त नियमालाच जमतं.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक जगासमोर आलं. १९८६ मध्ये ड्यूपाँ म्हणाली की आंतरराष्ट्रीय मर्यादा हवी. आंतरराष्ट्रीयच का, तर एकट्या अमेरिकेत बंदी आली असती तर बाहेरच्या स्पर्धकांचं फावलं असतं, सगळ्यांवर सारखी आली तर ज्याच्याकडे पर्याय आधी तयार तो पुढे. १९८७ मध्ये सीएफसी कमी करायचा आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करार झाला. आणि तरीसुद्धा मार्च १९८८ च्या सुरुवातीला, उत्पादन थांबवा म्हणणाऱ्या तीन अमेरिकी सिनेटरांना कंपनीच्या अध्यक्षांनी कळवलं की एवढी मोठी कपात करावी असं पुराव्यावरून दिसत नाही. त्याच महिन्यात शास्त्रज्ञांच्या पॅनेलचा नवा अहवाल आला आणि महिना संपायच्या आत त्याच कंपनीने जाहीर केलं, आम्ही सीएफसी बंद करतोय. (सीएफसी म्हणजे त्यांच्या विक्रीच्या सुमारे २ टक्के, हेही लक्षात ठेवा. ५० टक्के असते तर ही गोष्ट मी वेगळी सांगत असते.)

पुढे सीएफसीच्या जागी एचएफसी नावाचे वायू आले, ते ओझोनला धक्का लावत नाहीत पण हवा तापवतात, म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत झालेल्या देशांच्या बैठकीत त्यांच्यावरही कपात ठरली. तेव्हा मात्र कंपन्यांच्या हातात नवी रसायनं तयार होती आणि २०२० मध्ये अमेरिकेत एचएफसी कमी करायचा कायदा आला त्याला उद्योगच पाठिंबा देत होता. हृदयपरिवर्तन वगैरे काही नाही, फायदा कुठल्या बाजूला आहे ते बदललं इतकंच.

पण "सगळं सरकारनेच करावं" म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. १९७० मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या, कार कंपन्यांनी अशक्य आहे म्हणून आरडाओरडा केला, मुदतवाढही मिळवली, पण १९७५ च्या मॉडेल्समध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर बाहेर पडायच्या आधी स्वच्छ करणारा डबा, आला. त्याच्या आतला मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा कॉर्निंग या काच-सिरॅमिक बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियर लोकांनी बनवला, तो कुठल्या मंत्रालयात बनला नसता. आणि पेट्रोलमधलं शिसं त्या कन्व्हर्टरचं वाटोळं करतं, त्यामुळे बिनशिशाचं पेट्रोल विकणं भाग पडलं. काय साधायचं ते कायद्याने सांगितलं, कसं ते कंपन्यांनी शोधलं. ही वाटणी मला बरोबर वाटते.

फक्त तपासणारा हवा. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरला टेस्ट चालू आहे हे कळायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ व्हायचा, रस्त्यावर आली की गाडी मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड हा घातक वायू सोडायची. पकडलं कुणी, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या टीमने, डिकीत उपकरणं ठेवून गाडी रस्त्यावर चालवून. २०१५ मध्ये कंपनीने कबूल केलं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या!

रिपोर्टमध्ये इतकं उघड खोटं मला क्वचित दिसतं, त्याची गरजच नसते. समजा लिहिलंय की प्रति टन उत्पादनामागे उत्सर्जन २० टक्के घटलं. खरंच घटलेलं असतं. पण त्याच काळात उत्पादन दीडपट झालं असेल तर एकूण उत्सर्जन २० टक्के वाढलेलं असतं, आणि हवेला टनामागचा आकडा कळत नाही. शिवाय तुलनेचं वर्ष कुठलं धरलंय तेही बघायचं, ज्या वर्षी सगळ्यात जास्त धूर सोडला नेमकं तेच वर्ष कसं काय सापडतं कुणास ठाऊक.

काही जण अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनचा १९७० चा लेख पुढे करतात, कंपनीचं काम नियमांत राहून नफा कमावणं, बाकी सरकार बघेल. मला निम्मं पटतं. पण नियम लिहिणाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले वकील कंपन्यांचेच असतात, मग "नियमांत राहून" याला किती अर्थ उरतो?

आणि हे वकील बहुतेक वेळा कंपनीच्या नावाने जात नाहीत, संघटनेच्या नावाने जातात. १९८९ मध्ये अमेरिकेत ग्लोबल क्लायमेट कोएलिशन नावाची संघटना निघाली, तेल, कोळसा, वाहन कंपन्या तिच्यात, आणि काम काय तर उत्सर्जनावरची बंधनं थोपवायची. १९९७ मध्ये बीपी बाहेर पडली, १९९८ मध्ये शेल, १९९९ मध्ये फोर्ड, आणि २००२ मध्ये दुकान बंद. या तीन कंपन्या लगेच साधुसंत झाल्या असं मुळीच नाही, पण त्या राजीनाम्यांनी जे झालं ते शंभर पानी रिपोर्टने झालं नसतं.

म्हणून मी रिपोर्ट हातात आला की मागून वाचते. कुठकुठल्या संघटनांचे सभासद आहात ती यादी असते शेवटच्या परिशिष्टात, बारीक टायपात. मग त्या संघटनांनी वर्षभरात कशाकशाला विरोध केला ते शोधते आणि कंपनीला विचारते की तुमचं पहिल्या पानावरचं वचन आणि हे, दोन्ही एकाच वेळी कसं? या प्रश्नाचं उत्तर पर्यावरण विभागाकडून कधी येत नाही, लीगलकडून येतं.