ग्लासातलं ढेकूळ

"कपाशी खार सोसते, नाना. बिनधास्त टोका." मे महिन्यात हे मीच म्हणाले होते, त्यांचा माती परीक्षणाचा अहवाल हातात धरून. सामू (पीएच) ८.९, क्षारता १.८. जुलै लागला आणि नानांचा फोन आला, "ताई, दोन एकरांत चार पाकिटं गेली. चार आण्यांचीही उगवण नाही. एकदा येऊन बघाच."

आमच्या प्रयोगशाळेतून शेतावर कुणी जात नाही. नमुना येतो, वाळतो, चाळला जातो आणि आकडा होऊन परत जातो. मी रजा टाकून गेले. निफाड, विंचूर, पुढे येवल्याच्या अलीकडे पालखेड कालव्याखालचं सखल रान.

वाटेत डोक्यात तो १.८ घोळत होता. कपाशीची सहनशीलता पुस्तकात ७.७ डेसिसायमन लिहिलेली असते, क्षारता मोजायचं एकक ते. तिथपर्यंत उत्पादन घटत नाही, पुढे दर एककाला पाच टक्क्यांच्या आसपास घटतं. पण तो आकडा संपृक्त मातीच्या अर्काचा, म्हणजे जेमतेम भिजेल इतकंच पाणी घातलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याचा. आम्ही एक भाग मातीत अडीच भाग पाणी ओतून मोजतो, म्हणजे क्षार आधीच पातळ झालेले. भारी काळ्या जमिनीत आमचे १.८ त्या मापानं पाच-सहाला जातात. हा हिशेब मी तेव्हाही केला होता, आणि ७.७च्या आत बसतंय म्हणून स्वतःवरच खूश झाले होते. ७.७ हे वाढलेल्या झाडाचं माप आहे. अंकुराची ताकद तेवढी नसते.

नानांनी नमुना चुकीचा घेतला असेल, असंही मनात येऊन गेलं. आम्हा लोकांची ही आवडती पळवाट. विचारलं, तर त्यांनी आमचंच पत्रक पाठ म्हणून दाखवलं : वरचा पापुद्रा बाजूला करा, वीतभर खोल व्ही आकाराचा खड्डा घ्या, कडेची माती खरवडा. खारवट रानात सगळे क्षार त्या पापुद्र्यातच बसलेले असतात, तो वेगळा तपासायला हवा, हे पत्रकात कुठेच नाही. माणसानं सांगितलं ते चोख केलं होतं.

वरंब्यावर खुरपं मारलं तर खपली निघाली, भाकरीएवढी जाड, चकचकीत. खाली सरकी रुजलेली होती. कोंब वर येऊन खपलीला टेकला, वाट सापडेना म्हणून आडवा झाला आणि तसाच पिवळा पडला. शेजारच्या फुलीवरचं बी मात्र फुगलंही नव्हतं, नुसतं कुजलेलं.

मी ढेकूळ मागितलं आणि दोन ग्लास. एकात त्यांच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात माझ्या बाटलीतलं डिस्टिल्ड, क्षार नसलेलं. बोअरच्या पाण्यात ढेकूळ फुटलं, पण माती तळाशी बसली, पाणी नितळ. डिस्टिल्डच्या ग्लासात ढेकळाभोवती धूर निघाल्यासारखं झालं आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पाणी गढूळ चहासारखं.

"हे दुसरं पाणी कोणतं?" नानांनी विचारलं.

"पावसाचं समजा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोअरच्या पाण्यावर ठिबक लावून त्यांनी जूनच्या सुरुवातीला टोकणी केली होती, चौथ्या दिवशी जोराचा पाऊस झाला आणि गावानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. सोडियमनं भरलेली माती खाऱ्या पाण्यात कशीबशी धरून राहते. पावसाचं गोडं पाणी पडलं की तिचे कण सुटे होतात, भोकं बुजतात, आणि ऊन पडलं की वर सिमेंट.

८.९ सामू दिसला तेव्हाच हे सुचायला हवं होतं. जमीन चोपण आहे, सोडियमनं भरलेली आहे, असं ओरडून सांगणारा आकडा तो. पण २०१५ला आलेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा घटक आहेत, अगदी बोरॉनसुद्धा, आणि सोडियम नाही. ज्याला चौकट नाही ते आम्हाला दिसत नाही. दुकानदारानं तर ह्याच अहवालावर 'जमीन सुधारक' म्हणून एक बाटली खपवली होती, ठिबकमधून सोडायची.

"जिप्सम टाकू का?" नानांनी विचारलं. टाका म्हणणं सोपं होतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हटवतं, पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर जाणार कुठे? रान सखल, वर कालवा. आधी पाण्याच्या निचऱ्याला चर काढा म्हटलं, यंदा हिरवळीच्या खताला धैंचा पेरून गाडा, आणि बोअरचं पाणी द्या तपासायला. चराचा खर्च ऐकून ते हसले.

येताना वरच्या दोन इंचांची माती वेगळी आणली. क्षारता निघाली ०.९, सामू ९.२. खार जो काही होता तो पावसानं खाली नेला. म्हणजे ते न फुगलेलं बी खारानं गेलं की खपलीखाली हवा न मिळून, हे आता मला कधीच सांगता येणार नाही, आणि नाना नेमकं तेच विचारतात.

दोन्ही पाणी बाटल्यांत भरून टेबलावर ठेवलंय. आज सहावा दिवस. बोअरची बाटली पहिल्याच संध्याकाळी नितळली, दुसरी अजून गढूळ आहे.