चुनाभट्टीची मुलगी पेनविल्टला

नवऱ्याला टॉर्चवुड या ब्रिटिश सायन्स-फिक्शन सिरियलचं वेड. वेल्समधल्या कार्डिफला राहायला आल्यापासून कुठे काय शूट झालं याची यादीच करून ठेवलीये त्याने. त्यातलं पेनविल्ट राहिलं होतं, म्हणून शनिवारी थर्मास आणि थालीपिठं घेऊन निघालो. स्वान्सी व्हॅलीच्या वरच्या टोकाला, डोंगरावर ओसाड पडलेलं खाणकामगारांचं गाव. (नावातला 'ल्ट' म्हणताना जीभ दातांना लावून बाजूने हवा सोडायची म्हणे, मला अजून जमत नाही.) २००६ च्या त्या एपिसोडमध्ये गावकरी वाटसरूंना मारून खातात, म्हणजे वीकेंडला जायला किती छान जागा!

वर पोचलो तर धुकं, वारा, मेंढ्या. हा फोनवर सीन लावून घरं जुळवत बसला आणि मी चालत पुढे गेले तर समोर दगडी कमानींच्या भट्ट्या, वर गवत माजलेलं. चुन्याच्या भट्ट्या! मी मूळची मुंबईच्या चुनाभट्टीची, तिथे भट्टी कधी बघितली नाही, नुसतं स्टेशन, आणि इथे भट्ट्या आहेत तर गाव नाही. चुनखडी भाजून चुना व्हायचा आणि सिलिकाच्या विटाही बनायच्या, लोखंडाच्या भट्ट्यांना आतून लावायला, कारण साधी वीट त्या आचेला टिकत नाही. धंदा बसला, १९६२ ला पॅसेंजर गाडीही बंद झाली. त्या स्टेशनवर ऑपेरा गायिका अॅडेलिना पॅटीची खासगी वेटिंग रूम होती बरं का, खाली दरीत तिचा क्रेग-अ-नॉस कॅसल. एकीकडे चुन्याने माखलेले कामगार आणि दुसरीकडे बाईसाहेबांची वेगळी खोली, आपल्याकडच्या संस्थानिकांसारखंच.

पण ओसाड म्हणतात ते काही खरं नाही हं. कामगारांच्या घरांची एक ओळ केव्हिंग क्लबकडे, म्हणजे गुहांमध्ये उतरणाऱ्या हौशी लोकांकडे आहे, कारण जवळच ओगोव्ह फनन थी, म्हणजे काळ्या झऱ्याची गुहा, ब्रिटनमधली सगळ्यात खोल. दोरीवर चिखलाने लडबडलेले सूट टपटपत होते आणि एक आजीबाई, सत्तरीच्या तरी असतील, डोक्यावरचा लाइट भर दुपारी तसाच चालू, बुटातलं पाणी ओतत होत्या. नवऱ्याने विचारलं, त्या सिरियलमधलं घर यातलं कुठलं? त्या म्हणाल्या, मी टीव्ही बघत नाही, आणि दुसरा बूट काढायला लागल्या.

थालीपीठ मात्र आवडलं त्यांना. दोन घेतली.