तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवासात रोजचा हिशेब कशाला?

प्रवासाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. ‘इतके महिने, इतके देश, आणि तू खरंच रोज रात्री खर्च लिहीत बसायचीस? मग मजा काय राहिली?’ विचारणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाठीवरची बॅग आणि मोकळा रस्ता असतो, त्या चित्रात हिशेबाची वही काही बसत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. हो, रोज लिहायचे. न लिहिलेले चारेक दिवस असतील, ते तापात गेले.

निघताना माझ्याकडे फिरण्यासाठी म्हणून 7,200 डॉलर होते. परतीचं तिकीट, विमा आणि अडीअडचणीचे पैसे त्यात धरले नव्हते. ते वेगळ्या खात्यात होते आणि त्या खात्याचं कार्ड बॅगेच्या तळाशी. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया. डॉर्ममध्ये, म्हणजे हॉस्टेलच्या अनेकांत वाटलेल्या खोलीत झोपायचं, बसने फिरायचं, असं धरून दिवसाला 36 डॉलर काढले होते. म्हणजे 200 दिवस. वहीच्या पहिल्या पानावर मी 7,200 लिहिलं नाही, 200 लिहिलं. मला पैसे साठवायचे नव्हते, जास्तीत जास्त दिवस बाहेर राहायचं होतं. मग मोजायचे ते दिवसच.

पहिला आठवडा मात्र चुकीचा गेला. रोज 36 च्या आत राहायची धडपड करत होते, आणि प्रवासातला खर्च तसा रोजच्या रोज येतच नाही. थायलंडची सीमा ओलांडून लाओसला गेले. तिथे हुआय साय ते लुआंग प्रबांग ही संथ बोट दोन दिवस मेकाँगमधून जाते, रात्री पाकबेंगला मुक्काम असतो. तिकीट पहिल्याच दिवशी काढावं लागतं. तो सगळा खर्च एका दिवसावर टाकला तर तो दिवस भयंकर दिसतो आणि दुसरा उगाच स्वस्त. तेव्हापासून मोठी रक्कम जितक्या दिवसांसाठी दिली, तितक्या दिवसांवर वाटून लिहायला लागले. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरचा, मी तिथे 30 दिवस राहिले, म्हणजे दिवसाला डॉलरभरसुद्धा नाही. हनोई ते हो चि मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग 1,726 किलोमीटरचा. तो मी तुकड्यातुकड्यांनी केला, त्यातले दोन तुकडे रात्रीचे. त्या तिकिटांचा निम्मा भाग ‘झोपणं’ या रकान्यात गेला, कारण त्या रात्री हॉस्टेलचे पैसे वाचले होते. रकाने पाचच ठेवले होते: झोपणं, खाणं, जाणं, पाहणं, बाकी. वीस रकाने करणाऱ्यांचा हिशेब दुसऱ्या आठवड्यात बंद पडतो, हे मी डॉर्ममध्ये बरेचदा पाहिलं.

एटीएमबद्दल थोडं कळकळीने सांगते, कारण तिथे पैसे नुसते गळतात. मी होते तेव्हा थायलंडमध्ये परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी 220 बाट कापून घ्यायचं, तुम्ही कितीही काढा. 2,000 बाट काढले तर तो 11 टक्के झाला, 20,000 काढले तर फक्त 1.1 टक्के. शिवाय मशीन मधेच आपुलकीने विचारतं, की तुमच्या खात्यातून तुमच्याच देशाच्या चलनात पैसे वळते करू का? नाही म्हणा. हो म्हटलं की दर मशीनवाले ठरवतात, आणि तो जवळपास नेहमीच महाग पडतो. स्थानिक चलन निवडायचं, दर आपल्या बँकेला लावू द्यायचा. आणि काढलेले पैसे म्हणजे खर्च नव्हे. खर्च लिहायचा तो हातातून नोट गेल्यावर.

रात्री मी पाकिटातली रोकड मोजायचे. सकाळची रोकड, त्यात दिवसात काढलेले पैसे, त्यातून रोखीने केलेला खर्च वजा. उरलेला आकडा पाकिटाशी जुळला पाहिजे. हनोईत एका रात्री जुळेना. पुन्हा मोजलं, पुन्हा बेरीज केली. फरक 4,80,000 डोंगचा, ना कमी ना जास्त. मग एकदम उमगलं. व्हिएतनामची 20 हजारांची आणि 5 लाखांची, दोन्ही नोटा निळसर. संध्याकाळच्या अंधारात रस्त्यावर फळं घेताना मी एकीऐवजी दुसरी दिली होती, आणि दोहोंतला फरक बरोबर तेवढाच. पैसे परत मिळाले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून 5 लाखांच्या नोटा निराळ्या कप्प्यात गेल्या. मोजलं नसतं तर महिनाभर तीच चूक करत राहिले असते, आणि ‘पैसे जातात कुठे’ म्हणत जेवणात काटकसर केली असती.

आता मजेचं. कंबोडियात अंगकोरचा, म्हणजे तिथल्या प्राचीन मंदिरांच्या परिसराचा पास एका दिवसाचा 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, सात दिवसांचा 72. सोबतचे बरेच जण एक दिवसाचा घेऊन पहाटे पाचपासून संध्याकाळपर्यंत धावत होते. सात दिवसांच्या पासवर महिन्याभरातले कुठलेही सात दिवस चालतात. 72 डॉलर म्हणजे माझे बरोबर दोन दिवस. दोन दिवस आधी घरी परतायचं आणि त्या बदल्यात सात दिवस अंगकोर, इतका सरळ सौदा होता तो. खिडकीपाशी उभी असताना मला एक क्षणही विचार करावा लागला नाही, कारण माझे किती दिवस शिल्लक आहेत ते मला ठाऊक होतं. वही नसती तर मी भीतीपोटी 37 चा पास घेतला असता.

एक दिवस मंदिरं, एक दिवस हॉस्टेलच्या पडवीत काहीच नाही, असं दोन आठवडे केलं. आरामाच्या दिवशी खर्च वीसच्या आत राहायचा, त्यामुळे सरासरीही आपोआप खाली आली. पासावरचा शेवटचा दिवस बांते स्राय या मंदिरासाठी राखला होता. ते बाकीच्या मंदिरांपासून लांब, टुकटुकचं भाडं जास्त पडलं. तांबूस दगडावरच्या त्या बारीक कोरीव कामासमोर मी सकाळभर बसून राहिले. रात्री वहीत टुकटुकचे पैसे लिहिले, रोकड मोजली, जुळली. खाली लिहिलं, ‘शिल्लक दिवस 31.’