दोन टन लोखंड, एक भोवरा आणि परवानगी

समुद्रात लोखंड घालून हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी करता येतो का? कल्पना अशी: लोहामुळे पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती वाढतात, कार्बन शोषतात आणि तो घेऊन खोल बुडतात. या प्रश्नावरच्या एका मोठ्या प्रयोगात निम्मा वाटा आपल्या गोव्यातल्या दोनापावलाचा आहे. २००९ चा लोहाफेक्स. तिथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचं हे संयुक्त काम. जहाज पोलारस्टर्न, जागा दक्षिण अटलांटिक. कार्बन फारसा बुडाला नाही म्हणून तो फसला असं म्हणणं मला पटत नाही. प्रयोगाने आपलं काम चोख केलं. घोळ होता तो त्याला परवानगी देणाऱ्या आणि नाकारणाऱ्यांच्या प्रश्नांत.

दक्षिण महासागरात नायट्रेट-फॉस्फेट मुबलक, तरी वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, तुटपुंजे, कारण लोह नाही. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मांडणी पुढे आणली. पावसाळ्यात तांबडी झालेली मांडवी-जुवारी बघणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण लोहाची ददात नसते ती किनाऱ्यालाच.

हिशेब करून बघा. फेरस सल्फेटच्या हिरवट स्फटिकांत लोखंड वजनाच्या जेमतेम २० टक्के असतं, म्हणजे २ टन लोखंडाला १० टन माल लागतो. हे २ टन ३०० चौरस किलोमीटरवर, म्हणजे गोव्याच्या बाराव्या हिश्श्याएवढ्या पाण्यावर, पसरले आणि वरचा घुसळला जाणारा थर ६० मीटर धरला, तर लोहाचं प्रमाण लिटरमागे साधारण २ नॅनोमोलनी (नॅनोमोल म्हणजे मोलचा अब्जावा भाग) वाढतं. प्लवकांना तेवढं पुरतं.

माल थेट ओतून चालत नाही. समुद्राचा सामू ८ च्या आसपास. तिथे फेरसचं फेरिक होतं आणि गंजासारखा साका धरतो. म्हणून टाकीत समुद्राचंच पाणी घेऊन, हायड्रोक्लोरिक आम्लाने ते आम्लधर्मी करून त्यात माल विरघळवतात आणि जहाजाच्या पंख्यामागच्या खळबळीत पाइपाने सोडतात. जहाज तरंगत्या बोयाभोवती वळसे घेतं, नकाशावरच्या ठिकाणाभोवती नव्हे. पाणी सरकत असतं. नकाशा धरून बसलात तर खत एकीकडे आणि मोजणी दुसरीकडे. जागा म्हणून भोवरा, म्हणजे गोल फिरत राहणारा पाण्याचा मोठा पट्टा, निवडतात, कारण त्याच्या गाभ्यात बाहेरचं पाणी कमी मिसळतं. एवढं करूनही दगा होतो. १९९३ च्या पहिल्या आयर्नेक्स या अशाच प्रयोगात खत घातलेलं पाणी काही दिवसांतच कमी खाऱ्या पाण्याखाली दबलं.

भाताच्या वाणाची चाचणी घेताना तोच वाफा चिठ्ठ्या टाकून चार ठिकाणी आखता येतो. इथे भोवरा एकच. त्यातलंच खत न पडलेलं पाणी तुलनेला घ्यायचं, दुसरा इलाज नाही.

लोहाफेक्समध्ये दोनदा, दर वेळी २ टन लोखंडाचं, खत घातलं आणि ३९ दिवस पाहणी केली. हरितद्रव्य दुप्पट झालं, पण बुडणारा कार्बन खत पडलेल्या आणि न पडलेल्या पाण्यात जवळपास सारखाच निघाला. तिथे सिलिसिक आम्ल, म्हणजे विरघळलेली सिलिका, लिटरमागे २ मायक्रोमोलहूनही कमी होतं. सिलिकाच्या कवचाचे डायटम हे प्लवक वाढलेच नाहीत आणि जे काही उगवलं त्यातलं बरंचसं कोपेपॉड या कोळंबीच्या कुळातल्या बारीक जिवांनी फस्त केलं. २००४ च्या आयफेक्स या तशाच प्रयोगात मात्र सिलिका होती. तिथे बहराचा किमान निम्मा भाग हजार मीटरच्या खाली गेला.

मोजणीतही खाचा आहेत. पाण्यातल्या युरेनियमपासून बनणारा किरणोत्सारी थोरियम-२३४ कणांना चिकटून बुडतो. वरच्या थरात तो युरेनियमच्या मानाने किती घटला यावरून बुडालेला कार्बन काढतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे २४ दिवस, त्यामुळे ही तूट खत घालण्याआधीच्या आठवड्यांचीही असते. खत न पडलेलं पाणी सोबत मोजलं नाही, तर आधीच बुडालेल्या कार्बनचं श्रेय लोखंड घेऊन जातं.

आता धोरण. मे २००८ मध्ये बॉन इथे जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी समुद्राला खत घालण्यावर रोख लावली. सूट दिली ती किनारी पाण्यातल्या लहान संशोधनाला. म्हणजे लोह आधीच आहे तिथे करा! प्रयोगाचा जीव ज्या अटीत आहे तीच काढून घेतली. त्याच वर्षी, समुद्रात टाकाऊ माल टाकण्यावर नियम घालणाऱ्या लंडन कराराने बरी वाट काढली: खरं संशोधन तेवढं चालेल, तेही एकेक तपासून. तरीही जानेवारी २००९ मध्ये जहाज निघाल्यावर, पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपानंतर, जर्मनीत काम थांबवण्याचे आदेश आले आणि पुनर्परीक्षणानंतर महिनाअखेरीस मोकळीक मिळाली.

आक्षेप घेणाऱ्यांची भीती रास्त होती: उद्या कंपन्या याच्यावर कार्बन क्रेडिट, म्हणजे कार्बन घटवल्याची विकाऊ प्रमाणपत्रं, विकतील. पण तपासणीचा रोख राहिला या लोखंडाने इथल्या समुद्राला काय होईल यावर. चार टनांनी महासागराचं काय होणार? उत्तर सोपं होतं, ते मिळालं, आणि क्रेडिटचा प्रश्न तसाच राहिला. तो प्रयोगाने सुटतही नाही. प्रयोग फक्त ‘सिलिका एवढी असेल तर हे होतं’ असं सांगतो. ‘हे करावं का’ हे ठरवायला बाजाराचे नियम लागतात, आणि ते जहाजावर तयार होत नाहीत.

अर्ज माझ्या टेबलावर आला तर टनांच्या आधी मी हे विचारेन: जागेवर सिलिसिक आम्ल किती मोजलं? बुडणारे कण धरायचे सापळे किती मीटरवर? खत न पडलेल्या पाण्यात किती ठिकाणी मोजणार? कोणता आकडा आला तर कल्पना चुकली असं मानाल, आणि तो आकडा जहाज सुटण्याआधी लिहून द्याल का?