तुम्ही विचारलंत म्हणून : ‘डिसेंबरात या’ असे मी का म्हणत नाही

दिवाळी उरकली की प्रश्न येतोच. साताऱ्याची मावशी विचारते, पुण्याचे दीर-जाऊ विचारतात, कॉलेजच्या मैत्रिणी विचारतात : “नाताळच्या सुट्टीत तुझ्याकडे बर्फ बघायला यायचं म्हटलं की तू मे-जूनचंच का सुचवतेस?” आजवर मी विमानभाड्याचे कारण पुढे केले. मागच्या वर्षी आपल्यातल्याच एका घरात असे बोलले गेले की तिला आता पाहुणे नकोसे झाले आहेत. ते माझ्या कानावर आले आणि लागले. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे.

बर्फ बघणे वेगळे आणि बर्फात घर चालवणे वेगळे. अमेरिकेतले आमचे बफेलो शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला आहे. डिसेंबरात सरोवर अजून गोठलेले नसते. त्यावरून येणारा थंड वारा वाफ उचलतो आणि किनारा ओलांडला की तिचा बर्फ करून टाकतो, तोही अरुंद पट्ट्यात. त्यामुळे एका गावात कमरेइतका बर्फ आणि दहा-बारा मैलांवर नुसती भुरभुर, हे इथे नेहमीचे आहे. आमच्या अ‍ॅमहर्स्टला (हे बफेलोचे उपनगर) या दिवसांत पावणेआठच्या सुमारास उजाडते आणि पाच वाजायच्या आत सूर्य मावळलेला असतो. मी साडेपाचला उठते ती आधी खिडकीतून ड्राइव्हवे बघायला. रात्री बर्फ लोटणारी गाडी, प्लाऊ, रस्ता साफ करून जाते तेव्हा बाजूला लोटलेला बर्फ नेमका आपल्या फाटकाशी शेताच्या बांधासारखा साचतो. तो ओला आणि जड असतो, त्याला फावडेच लागते. मग पायऱ्यांवर मीठ, पण पारा शून्याखाली दहाच्या आसपास गेला की साधे मीठही निरुपयोगी ठरते. ओले बूट दाराशी ट्रेमध्ये, हातमोजे गरम हवेच्या जाळीवर, विरजण ओव्हनमध्ये आतला दिवा लावून. घरातली हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात आणि ओली चादर दोरीवर बघता बघता वाळते. हे महिनोन्‌महिने रोज चालते आणि पाहुणे आहेत म्हणून थांबत नाही.

आणि हे सगळे मला आवडते, हेही लपवत नाही. पहाटे बर्फ पडून गेल्यावर रस्त्यावर जी शांतता असते, तिच्यासाठी मी इथला हिवाळा पत्करला आहे. तुम्हाला दर वर्षी फोटो पाठवणारी मीच होते. “एकदा तरी डिसेंबरात या, त्याशिवाय माझं घर कळणार नाही,” असे २०२१ साली मीच लिहिले होते. तेव्हाची मी खोटे बोलत नव्हते. तिचे काय चुकले, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या बोलावण्यावरून आई आली, २०२२ च्या दिवाळीनंतर. वय एकाहत्तर. नोव्हेंबरच्या मध्याला मोठे वादळ झाले. दक्षिणेकडे ऑर्चर्ड पार्कला सहा फुटांहून जास्त बर्फ पडला आणि आमच्याकडे त्यामानाने फारच थोडा. आई खिडकीशी बसून वाती वळत तो बघत राहिली. “एवढ्याला घाबरता होय?” ती म्हणाली आणि मीही हसले. तो हलकेपणा मला पुढे महागात पडला.

२२ डिसेंबरला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार होता. पाच झाडांच्या डहाळ्या इथे मिळत नाहीत, म्हणून आईने घरातल्या कुंड्यांमधली पाने कलशात लावली होती. हवामान खात्याचा इशारा आधीच आलेला होता; दूध, पीठ, मेणबत्त्या सगळे भरून ठेवले होते. शुक्रवारी पहाटे नवरा रुग्णालयात कामावर गेला. आईने उत्तरपूजा करून कलशातले पाणी खिडकीतल्या तुळशीला घातले, तेव्हा बाहेर साधा पाऊस होता. दुपारपर्यंत पारा धाडकन उतरला, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला आणि समोरचे घर दिसेनासे झाले. वाहनबंदी लागू झाली. नवरा रुग्णालयातच अडकला.

शनिवारी पहाटे चारला मला थंडीने जाग आली. तळघरात फर्नेस, म्हणजे घर तापवणारी भट्टी, बंद पडली होती. तिच्यावरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकून थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. वीज होती. याचा अर्थ मला कळत होता : तिची हवा आत घेणारा आणि धूर बाहेर नेणारा असे दोन पांढरे पाइप आमच्या मागच्या भिंतीतून गुडघ्याएवढ्या उंचीवर निघतात, आणि ती बाजू वाऱ्याच्या आडोशाची. आडोशालाच बर्फ साचतो. पाइप बुजले होते आणि फर्नेसने स्वतःला बंद करून घेतले होते, जसे तिने करायला हवे तसेच. थर्मोस्टॅट तेरा अंश दाखवत होता. आई आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा एका खोलीत झोपले होते. ऊब यावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवायची नाही, हे इथे सगळ्यांना बजावलेले असते, कारण बंद घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो.

मी आईला उठवले नाही. तुम्हा सगळ्यांना आजवर सांगितले ते एवढेच की मी बर्फ काढायला गेले आणि आईच्या बोटांना थंडी लागली. खरे असे की ती मला अडवेल, हे माहीत होते म्हणून मी तिला न सांगता गेले. अडवले असते तर मी थांबले असते का, आणि थांबले असते तर सकाळपर्यंत घर किती गार झाले असते, याचा हिशेब मी शेकडो वेळा मांडला आहे. दर वेळी उत्तर वेगळे येते.

दारापासून पाइपांपर्यंत जेमतेम पंधरा फूट. भिंतीला खांदा लावून गेले, कारण हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. पाइप मोकळे करायला वीस-पंचवीस मिनिटे लागली असतील. परतताना डेकच्या पायरीवर मी कशाला तरी धडकले. ती आई होती. अंगावर शाल, पायात घरातल्या सपाता, आणि उजव्या हाताने लोखंडी कठडा गच्च धरलेला, उघड्या हाताने. ती मला हाका मारत होती आणि माझ्यापर्यंत एकही पोहोचली नव्हती.

आत आणून दिव्याखाली हात बघितला. तीन बोटांची टोके पांढरी पडली होती, मेणबत्तीसारखी, दाबली तर दबत नव्हती. “अगं, काही दुखत नाहीये,” आई म्हणाली, आणि त्याचीच मला भीती वाटली. नवऱ्याला फोन लावला. चोळू नकोस, कोमट पाण्यात बुडवून ठेव, तो म्हणाला. पाण्याचा अंदाज मी कोपर बुडवून घेतला, जसा तान्ह्याच्या आंघोळीला घेतात. अर्ध्या तासाने बोटे लाल झाली आणि ती रडायला लागली. माझ्या उभ्या आयुष्यात मी तिला दुखण्यासाठी रडताना पाहिले नव्हते. रुग्णवाहिका येऊ शकत नव्हती. त्या रात्री शहरात त्याच अडकून पडल्या होत्या. फर्नेस मात्र सुरू झाली होती. मुलगा जागा झालाच नाही.

विमानतळावर त्या वादळाची नोंद सलग ३७ तास झाली, चार दिवसांत जवळपास ५२ इंच बर्फ पडला. चाळीसहून अधिक माणसे गेली. काही गाडीत, काही बर्फ उपसताना, काही घरातच, घर तापवायची सोय बंद पडल्यामुळे. ते वाचताना मला प्रत्येक वेळी आमचे थर्मोस्टॅटचे तेरा अंश आठवतात.

बोटे वाचली. दोन टोकांना अजून स्पर्श कळत नाही. आई वाती वळते, पण कापूस किती पातळ झाला हे तिला आता बघून ठरवावे लागते. पूर्वी ती बोलता बोलता, न बघता वळत असे.

तुम्ही म्हणाल, पाइप उंच करून घ्यायचे. घेतले. नवीन अलार्म बसवले, बॅटऱ्या भरून ठेवल्या. तुम्ही म्हणाल, असे वादळ काही दर वर्षी येत नाही. खरे आहे. तुमच्या एकाही मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तरीही तुम्ही डिसेंबरची तारीख सांगितली की माझ्या डोळ्यांसमोर तो कठडा येतो. पाहुणे नकोत म्हणून नाही. मे-जूनमध्ये या, महिनाभर राहा, मी सुट्टी काढेन.

आई मात्र तुमच्यासारखी मे महिन्यावर ऐकत नाही. यंदाचे शेवटचे गुरुवार इथे करायचे तिच्या मनात आहे. “पुढच्या वेळी मला उठव, म्हणजे झालं,” एवढेच ती म्हणते. तिचे तिकीट मी अजून काढलेले नाही. तिला नाही असेही म्हटलेले नाही.