पंचवीस शब्दांची चौकट

किशोरवयीनांसाठीच्या एका कादंबरीचं माझं परीक्षण छापून यायला चार महिने लागले. वाचायला चार दिवस, लिहायला दोन आठवडे, आणि उरलेला सगळा वेळ अर्जातल्या एका चौकटीने खाल्ला. अजून आठवलं की चिडचिड होते. नव्याने परीक्षणं लिहू पाहणाऱ्या कुणावर तरी ही वेळ येणार, म्हणून लिहून ठेवतेय.

पुस्तक सहज मिळालं. नेटगॅली या संकेतस्थळावर परीक्षणासाठी प्रकाशनाआधीच्या प्रती मागता येतात. घेतलेल्या पुस्तकांपैकी निदान ८० टक्क्यांवर अभिप्राय द्यावा अशी तिथे अपेक्षा असते, तेव्हा पहिल्याच दिवशी दहा पुस्तकं मागू नका. एक मागा आणि ते पुरं करा.

कादंबरी पंधरा वर्षांच्या मुलीने सांगितलेली. आईवडील वेगळे होतायत, जिवलग मैत्रीण तुटलीय, आणि ती लपून स्वतःला इजा करून घेते. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘नायिका सतत चिडते, चुकीचे निर्णय घेते, वाचताना दमछाक होते.’ दोन दिवसांनी वाचलं आणि लाज वाटली. ते परीक्षण नव्हतं, एका आईची तक्रार होती. ‘द आउटसायडर्स’ १९६७ मध्ये आली तेव्हा ती लिहिणारी एस. ई. हिंटन १८ वर्षांची होती. या प्रकारच्या लेखनाची ताकदच त्या वयाच्या आतून बोलण्यात आहे. पात्र चुकतं हा पुस्तकाचा दोष नाही. ती चूक त्या मुलीला त्या क्षणी बरोबर का वाटते, हे लेखकाने पटवलं की नाही, एवढंच बघायचं. सगळा खर्डा फेकून पुन्हा लिहिला.

मग परीक्षण एका नियतकालिकाकडे पाठवलं. सोबतच्या अर्जात शेवटी दोन रकाने होते: ‘वयोगट’ आणि ‘आशय-सूचना, कमाल २५ शब्द’, म्हणजे वाचकाला त्रास होऊ शकेल असं पुस्तकात काय आहे, याची आगाऊ कल्पना. वयोगटात मी लिहिलं, १३ वर्षांपासून पुढे. तीन आठवड्यांनी अर्ज परत. नायिका १५ची, मग वाचक १३चा कसा? मी कळवलं की मुलं बहुतेक वेळा स्वतःपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या पात्रांबद्दल वाचतात, पंधराव्या वर्षी काय होतं हे तेराव्या वर्षीच जाणून घ्यायचं असतं. सहा आठवडे काहीच उत्तर नाही. दोनदा आठवण केली. शेवटी वय मान्य झालं, पण छपाईआधी तपासायला आलेल्या मुद्रितात माझी आशय-सूचना गायब होती. तिच्या जागी होतं: ‘काही मजकूर आक्षेपार्ह. पालकांनी आधी वाचावे.’

या दोन वाक्यांनी मी खरोखर संतापले. आक्षेपार्ह काय? कुणाला? जी मुलगी स्वतः त्यातून जातेय, तिला तो प्रसंग कुठे येतो ते आधी कळायला हवं, म्हणजे ती तिथे थांबू शकेल. ज्याची मैत्रीण त्यातून जातेय, त्याला हे पुस्तक सापडायला हवं. एका विशेषणाने दोघांचीही वाट बंद होते, आणि पुस्तकावर ठपका बसतो तो वेगळाच. मी दीड पानाचं पत्र लिहिलं. उत्तर एका ओळीत आलं, हा आमचा ठरलेला मजकूर आहे.

पत्राने काही होत नाही हे मला उशिरा कळलं. त्यांना तयार वाक्य हवं असतं, जे उचलून तसंच लावता येईल. शेवटी बसून शब्द मोजले आणि हे पाठवलं: ‘स्वतःला इजा करून घेण्याचा प्रसंग प्रकरण ११ आणि १७ मध्ये येतो, कृतीचं वर्णन नाही. पुढे नायिका स्वतःहून शाळेतल्या समुपदेशकाकडे जाते. आईवडिलांची भांडणं, एका पार्टीतलं मद्यपान.’ बरोबर २५ शब्द. दोन दिवसांत मान्य!

समुपदेशकाचा उल्लेख केल्याने कथानक थोडं फुटतं, हे मला माहीत होतं. रहस्य गेलं तरी चालेल, पण त्या अवस्थेतल्या वाचकाला पुढे वाट आहे हे कळावं, असं मी ठरवलं. इजा कशी केली हे मात्र सूचनेतही लिहू नका आणि परीक्षणातही नको.

वाचतानाच असे प्रसंग कुठे येतात ते टिपत जा, नंतर शोधताना पुन्हा अर्धं पुस्तक वाचावं लागतं. पृष्ठक्रमांक लिहू नका, कच्च्या प्रतीतले क्रमांक छापील पुस्तकात बदलतात. अवतरणंही छापील प्रत हातात आल्यावर ताडून घ्यायची, कारण लेखक शेवटच्या घडीपर्यंत वाक्यं बदलत असतो.

प्रकरणांचे क्रमांकसुद्धा तेव्हाच तपासा. माझं परीक्षण छपाईला जायच्या आदल्या दिवशी छापील पुस्तक आलं. मधली दोन छोटी प्रकरणं एक केलेली होती. मी लगेच फोन करून सांगितलं. अंकात आता ‘प्रकरण ११ आणि १६’ असं आहे.