मधल्या आरशाची सावली चंद्रावर का पडत नाही?

डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत न्यूटनच्या पद्धतीची सहा इंची दुर्बीण आहे: १५० मिलिमीटर व्यासाचा आरसा, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं) १२०० मिलिमीटर. हा मोठा आरसा नळीच्या तळाशी असतो; तोंडाजवळ मधोमध बसवलेला छोटा तिरपा आरसा त्याचा उजेड बाजूच्या नेत्रिकेकडे, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाकडे, वळवतो. पावसाळाभर ती पेटीत असते. आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा काचेच्या मागे नसून पुढच्या बाजूला असतो आणि जाडीला मिलिमीटरचा जेमतेम दहाहजारावा भाग. गोव्याच्या दमट हवेत त्याला फार जपावं लागतं. फडकं तर लावायचंच नाही.

दिवाळीची सुटी संपल्यावर आलेल्या शुक्ल अष्टमीला दुर्बीण मैदानात लावली. अर्धा चंद्र डोक्यावर होता. रांग चालू असताना नववीतला एक मुलगा नळीच्या तोंडातून आत वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, हा छोटा आरसा बरोबर मध्ये आहे. मग चंद्राच्या मधोमध काळा डाग का दिसत नाही?"

"लहान आहे म्हणून," कोणीतरी म्हणालं. या उत्तरावर मला पुढे जायचं नव्हतं. रांग थांबवली, नेत्रिका काढली आणि तिच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा धरला. फोकस जुळवायचं चाक फिरवता फिरवता धूसर उजेड आवळत आला आणि कागदावर चंद्र उमटला. उलटा, पण रेखीव. पूर्ण चंद्र असता तर अकराएक मिलिमीटरचा भरला असता, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. पुस्तकातली "वास्तव प्रतिमा" मुलांनी अशी कागदावर धरलेली पहिल्यांदाच पाहिली.

मग विचारलं, "नळीचं तोंड पुठ्ठ्याने अर्धं झाकलं तर काय उरेल?" बहुतेकांनी सांगितलं, चंद्राचा अर्धा भाग जाईल. झाकलं. आकार जसाच्या तसा राहिला, फक्त उजेड मंदावला. पुठ्ठा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली नेऊन झाला. कुठूनही चंद्र कापला जाईना.

माझ्या मते हा घोळ पाठ्यपुस्तकातल्या आकृतीमुळे होतो. तिथे दोनच किरण काढलेले असतात, त्यामुळे चंद्राची वरची कड आरशाच्या वरच्या भागात आणि खालची खालच्या भागात, असं मुलांच्या मनात बसतं. प्रत्यक्षात चंद्रावरच्या एकेका बिंदूपासून निघालेला प्रकाश सगळ्या आरशावर पसरून पडतो आणि अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराचा खोलगट) आरसा तो पुन्हा एका बिंदूत गोळा करतो. शेजारच्या बिंदूचा प्रकाश किंचित वेगळ्या कोनातून येतो, म्हणून तो किंचित बाजूला जमतो. आरशाचा कुठलाही तुकडा घ्या, तो अख्खी प्रतिमा बनवतो. आमचा तिरपा आरसा ३५ मिलिमीटरचा. तो जवळपास पाच टक्के प्रकाश अडवतो आणि प्रतिमेचा उठाव, म्हणजे उजळ-काळ्यातला फरक, थोडा कमी करतो, पण भोक पाडत नाही.

अवकाशातल्या जेम्स वेब दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा तर १८ षट्कोनी तुकड्यांचाच आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत ते तुकडे जुळवण्याआधी तिने एका ताऱ्याचा फोटो काढला, तेव्हा त्यात ठिपके आले अठरा. प्रत्येक तुकड्याने आपापला तारा बनवला होता. हे ऐकून मुलं एकदम गप्प झाली.

त्या मुलाचं समाधान मात्र झालं नव्हतं. "मग सावली जाते कुठे?" हा प्रश्न मला पहिल्यापेक्षाही आवडला. दुर्बीण पश्चिमेकडच्या अभिजित ताऱ्याकडे वळवली, नेत्रिका परत बसवली आणि फोकस मुद्दाम बिघडवला. ठिपक्याचं कडं झालं. मधोमध काळं भोक, आणि आरसा धरणाऱ्या पट्ट्यांच्या चार बारीक रेघा. "ही बघ सावली," मी म्हटलं. "फोकस जुळला की आरशाच्या सगळ्या भागांतून आलेला उजेड एकाच ठिपक्यात जमतो, तिथे तिला जागाच राहत नाही." त्याने नळीसमोर हात धरायला मित्राला पाठवलं आणि कड्यात बोटं दिसल्यावर ओरडला. मग सगळ्यांनाच आपापली बोटं बघायची होती.

एवढ्यात आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "छोट्या तुकड्यानेही अख्खा चंद्र दिसतो, तर मोठा आरसा कशाला?" उजेडासाठी, आणि बारीक तपशील सुटे दिसावेत म्हणून, असं मी सांगितलं. नैनितालजवळच्या देवस्थळच्या दुर्बिणीचा आरसा ३.६ मीटरचा आहे, म्हणजे व्यासाने आमच्या चोवीस पट. प्रकाश किती पट, ते तिला काढायला सांगितलं. चोवीसचा वर्ग, ५७६, तिने उभ्या उभ्या तोंडी काढला आणि लगेच रांगेत परत जाऊन उभी राहिली.